आज हवा चाळीस

चिमट्याच्या दोन टोकांत धरलेली ती चकती — काल सकाळी आठला हवा मोजायच्या यंत्रात घातली तेव्हा इतकी पांढरी की बोट लावायची भीती वाटावी — आज मधोमध काळी आणि कडेला, जिथे कड्याखाली दाबलेली होती तिथे, अजून पांढरीच. बशीत राख सांडून कोणी ती बोटाने नीट गोल पसरावी तशी. गच्चीवरच्या गारठ्यात श्वास रोखून चकती पाकिटात सरकवताना तिच्या मनात आलं की हे काळं वर्तुळ म्हणजे काल दिवसभरात गावातल्या प्रत्येकाच्या छातीत गेलेलं... प्रत्येकाच्या. माझ्या, आईच्या, खाली बसणाऱ्या कारकुनाच्या. आणि त्याच्याही. हा शेवटचा विचार तिला बरा वाटला, इतका की पाकिटावर तारीख घालताना अक्षर नेहमीपेक्षा वळणदार आलं.

नवी चकती घालून तिने झाकण दाबलं, पंप सुरू झाला. यंत्राच्या पडद्यावर आकडा होता दोनशे बारा. शंभरच्या वर गेला की म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी घराबाहेर पडू नये, असा कागद तिच्याच टेबलामागे भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि तिच्याशिवाय तो कोणी वाचलेला नाही.

गच्चीवरून गाव दिसत नव्हतं. उन्हाळ्यात पाहुणा आला तर म्हणतो, काय मोकळी हवा आहे तुमच्याकडे; हिवाळ्यात पाहुणे येत नाहीत. थंडी पडली की डोंगरांमधल्या या वाटीत ती तळाला बसते, वरून ऊबदार हवेचं झाकण पडतं, आणि घराघरातल्या शेगड्यांचा धूर त्या झाकणाखाली महिना-महिना शिजत राहतो. खाण बंद होऊन अठरा वर्षं झाली. पण जुन्या कामगारांच्या दारात अजून वर्षाला दोन गाड्या कोळसा ओततात, हक्काचा, आणि गावामागचा टाकाऊ मालाचा डोंगर आतल्या आत धुमसतो. ज्या गावाने तीस वर्षं जमिनीखाली धूळ खाल्ली ते आता जमिनीवर बसून तीच खातं, एवढाच फरक. ती सोळा वर्षं हे मोजते आहे. मंडईत तिला ‘हवावाल्या बाई’ म्हणतात, आणि पाठीमागे ‘हवा विकते’ म्हणतात.

खाली आली तेव्हा जन्म-मृत्यू नोंदणीचा कारकून हातावर फुंकर मारत बसला होता. नगरपालिकेने दोघांना एकच खोली दिलेली आहे. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली कोण जाणे, पण माणूस विनोदी असावा.

“किती?” त्याने विचारलं.

“दोनशे बारा.”

“म्हणजे गुरुवारपर्यंत मला नवी वही लागणार.” तो हसला. हा त्याचा जुनाच विनोद. तिचा आकडा चढला की तीन दिवसांनी त्याची वही भरायला लागते, हे त्याने कुठल्याही शास्त्राशिवाय शोधून काढलं होतं.

नऊला फोन वाजला.

नऊचा फोन धूळसाहेबांचा. हे नाव कामगारांनी दिलेलं, त्याच्या तोंडावर कोणी घेत नसे. खाणीतली धूळ मोजायची आणि रजिस्टरात सही करायची हे त्याचं तेव्हाचं काम. आता त्याची स्वतःची छाती गेली आहे. डॉक्टरने रोज चालायला सांगितलं आहे, पण हवा बघून. चौकातला आकड्यांचा फलक चार हिवाळ्यांपासून बंद आहे आणि दुरुस्तीची फाइल त्याच्यापेक्षाही हळू चालते. म्हणून चार हिवाळे तो रोज नऊ वाजता फोन करतो आणि विचारतो, बाई, आज आकडा किती. आणि चार हिवाळे मी खरा आकडा सांगते आहे. आवाज न हलवता, नाकासमोर चालणाऱ्या बाईसारखी. ती कोणाची मुलगी हे त्याला माहीत नाही, असं ती धरून चालली होती. त्याला माहीत नसणं हेच तिच्याजवळचं हत्यार होतं, आणि तिने ते कधी बाहेर काढलं नव्हतं... काढायचं की नाही हेही कधी ठरवलं नव्हतं.

“नमस्कार बाई. मी बोलतोय.”

“नमस्कार.”

“आज काय म्हणते हवा?” मध्ये एक श्वास. “मर्यादेत आहे का?”

मर्यादेत. चार वर्षांत हा शब्द त्याने पहिल्यांदाच वापरला — सहज, जिभेवर जुना पडून असलेला — आणि तिला ती खोली दिसली, टेबलावर उशी आणि उशीवर कपाळ टेकून बसल्या-बसल्या झोपणारे बाबा, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे; दोन वर्षं बाबा असे झोपले, आणि भिंतीपलीकडे ती, एकोणीस वर्षांची, त्यांचा श्वास ऐकत राहायची, एक आत, एक बाहेर, मग मध्ये काहीच नाही, मग पुन्हा आत... आणि खाणीच्या कचेरीतून आलेला तो कागद, तो तिनेच वाचून दाखवला होता: अर्जदाराच्या कामाच्या जागी धूळ कायम मर्यादेत होती, सबब अर्जदाराचा आजार कामामुळे झालेला नाही. खाली त्याची सही. लांब शेपटीची, झोकदार. बाबांनी कागद हातात घेतला, उलटून मागे काही आहे का बघितलं, आणि परत दिला.

“चाळीस,” ती म्हणाली.

तिकडे नुसता श्वास.

“चाळीस?”

“चाळीस. आज छान आहे. जाऊन या फिरून.”

“बरं. तुम्ही म्हणता तर जातो.”

तिने फोन ठेवला. आपण काही ठरवलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर वाटलं की हे कधीचं ठरलेलंच होतं, ती फक्त शब्दाची वाट बघत होती.

“चाळीस?” कारकून म्हणाला. “अहो, आज पुलावर मला माझ्याच सायकलचं पुढचं चाक दिसत नव्हतं.”

“ते वेगळंच काहीतरी विचारत होते.”

“असेल.” तो आपल्या वहीकडे वळला. कारकुनांचं हे बरं असतं.

तिने आपली वही उघडली आणि सकाळच्या रकान्यात दोनशे बारा लिहिलं. तिथे चाळीस लिहावं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

पाऊण तासाने ती पुन्हा गच्चीवर गेली, पंपाचा आवाज बदललाय का बघते असं सांगून. त्याची वाट ठरलेली होती: नगरपालिकेसमोरून, कोळशाच्या जुन्या वाघिणींच्या रुळांच्या कडेने, खाणीच्या तोंडावरच्या मनोऱ्यातल्या बंद चाकापर्यंत आणि परत. कठड्याला टेकून ती उभी राहिली. धुरात आधी काठीचा आवाज आला, मग टोपी, मग तो. एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालायचं, खांबाला हात लावून थांबायचं, खोकायचं, पुन्हा चालायचं. चाल, ती मनात म्हणाली. अजून एक खांब. तिला आनंद होत होता; लपवण्यात काय अर्थ आहे, आनंदच होत होता, पोटात काहीतरी गरम प्यायल्यासारखा. खोलवर घे. छातीच्या तळापर्यंत जाऊ दे, आणि घरी जाऊन टेबलावर उशी ठेव आणि तिच्यावर कपाळ ठेव आणि मोज, तुला मोजता येतं ना, तुझा तर जन्म मोजण्यात गेला. डूख धरणं काय असतं हे तिला माहीत होतं, पण ते इतकं ताजं राहतं हे माहीत नव्हतं.

चौथ्या खांबाशी तो बराच वेळ थांबला. तिथून खाणीचं चाक दिसतं. लख्ख दिवशी त्याचे आरेसुद्धा मोजता येतात. त्याने मान वर करून त्या दिशेला बघितलं. तिथे काहीच नव्हतं, चाक नाही, मनोरा नाही, नुसता पिवळट धूर. हवा चाळीस असती तर चाक दिसलं असतं, हे तिला कळलं, आणि त्याच क्षणी वाटलं की त्यालाही कळलं असणार, त्याला तर कळायलाच हवं. आता वळेल, ती म्हणाली. त्याने गळ्याभोवतीचा मफलर सोडून पुन्हा गुंडाळला आणि पुढे, धुरात, चालू लागला.

ती खाली आली. पण तो आनंद तिच्याबरोबर खाली आला नाही, म्हणजे आला, पण त्याच्या अंगात एक कुसळ राहिलं होतं. तो वळला का नाही?

दुपारी जेवायला घरी गेली तर आई शेगडीत कोळसा सारत होती. या शेगडीवरून दर हिवाळ्यात भांडण ठरलेलं. हवा मोजणाऱ्या बाईच्या घरातूनच धूर निघतो म्हणून सगळी गल्ली हसते, तिने पदरच्या पैशाने विजेची शेगडी आणून दिली, आईने तिच्यावर फुलदाणी ठेवली. “हा तुझ्या बापाच्या छातीच्या बदल्यात मिळालेला कोळसा आहे,” आई म्हणते. “शेवटचा खडा संपेपर्यंत जाळणार मी.” सूड उगवण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि आईचा सूड रोज धुराड्यातून वर जातो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या चकतीवर येऊन बसतो.

ताटावर बसल्यावर तिच्या पोटातलं ओठावर आलं.

“आज मी धूळसाहेबाला खोटा आकडा सांगितला. फिरायला गेला तो. या हवेत.”

आई चमचा धुवत होती. पाणी बंद केलं, एवढंच.

“तो तोलूनमापून खोटं लिहायचा,” ती म्हणाली, आवाज उगाच चढला. “धूळ मोजायची डबी कामगाराच्या नाकाजवळ लावायची असते, आई. वीतभर अंतरावर. मी शिकलेय ते. याने ती ताज्या हवेच्या दारात लावली असणार, जिथून वरची हवा आत सोडतात तिथे. त्याशिवाय तो आकडा येऊच शकत नाही. तीस वर्षं मर्यादेत?”

“त्याने नाही लावली.”

“मग?”

“तुझ्या बाबांनी.” आईने हात पुसले आणि समोर बसली. “त्यांनी म्हणजे सगळ्यांनीच. खाली उतरताना साहेब प्रत्येकाच्या छातीवर डबी लावायचा. आत गेलं की हे लोक ती काढायचे आणि त्या दारातल्या खिळ्याला टांगून ठेवायचे. पाळी सुटली की परत छातीवर. खिळ्याखिळ्यावर ज्याची त्याची जागा ठरलेली होती म्हणे.”

“का?”

“आकडा जास्त आला की ती जागा बंद करायचे. पाणी मारा, पंखे लावा, पंधरा-पंधरा दिवस. तेवढे दिवस घरी, बिनपगारी. तू तेव्हा शाळेत जायला लागली होतीस. कोणाला वाटलं होतं, पुढं तोच आकडा काढून दाखवतील.”

“आणि तो? त्याला माहीत नव्हतं?”

आई हसली, बऱ्याच दिवसांनी. “न माहीत असायला काय झालं? माणसं वर यायची ती डोळे सोडून सगळी काळी. आणि डबीतला कागद पांढरा. तो त्यांच्या तोंडाकडे बघायचा, कागदाकडे बघायचा, आणि सही करायचा. तुझे बाबा घरी येऊन नक्कल करून दाखवायचे. हसून हसून खोकला लागायचा त्यांना.”

हसायचे. तिला ते हसणं आठवलं, आठवलं हेच वाईट. दारात बूट काढताना हसणारे बाबा, आणि मागच्या अंगणात दोरीवर वाळणारं त्यांचं निळं फडकं, तोंडाला बांधायचं, काही दिवस काळंकुट्ट होऊन यायचं आणि काही दिवस घडीसुद्धा न मोडता, तसंच खिशातून परत. आपण ते कधी विचारलं नाही. असं कसं विचारणार, लहान मुलं फडक्यांबद्दल विचारत नाहीत.

“तू मला हे कधी सांगितलं नाहीस.”

“तुला तो पाहिजे होता ना,” आई म्हणाली. “कोणीतरी पाहिजे होता तुला. राहू दे म्हटलं.”

रस्त्याने परत येताना तिचा राग कमी झाला नव्हता, उलट वाढलाच होता, फक्त त्याला आता उभं राहायला जागा नव्हती. बाबांवर तो ठेववत नव्हता, आईवर ठेवला तर आई त्यालाही शेगडीत घालेल. मग पुन्हा त्याच्यावरच, धूळसाहेबावर. खिळ्याला त्यांनी टांगलं असेल. तोंडं काळी आहेत हे तुला दिसत होतं ना? मग सही कोणाची? सही तुझी. त्यांना पोरं होती, तुला नुसतं पेन होतं. हे म्हणताना बरं वाटलं. पण चौथ्या खांबाशी थांबलेला तो माणूस, चाक दिसत नसूनही न वळलेला, तो तिथेच उभा होता.

दोनच्या सुमाराला कारकुनाच्या टेबलाशी एक माणूस आला, टोपी हातात घेऊन. नोंद करायची होती. ती चकतीचं पाकीट कोरड्या कपाटात ठेवायला उठली होती, ती कपाटाचं दार धरून उभी राहिली. नाव त्याने इतकं हळू सांगितलं की ऐकू आलं नाही. वय? मग कारकुनाने मोठ्याने म्हटलं, “पुलापलीकडच्या आजी ना त्या? अरेरे.” तिने दार लावलं. तिच्या छातीतून जे सुटलं ते सुटकेचं होतं की हिरमोडाचं, हे तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिने घाईही केली नाही. धूळसाहेबाच्या खिडकीचा दिवा इथून दिसला असता, पण या हवेत कोणाच्याच खिडकीचा दिवा दिसत नव्हता. फोन करता आला असता. नंबर पाठ होता. काय म्हणून करणार? जिवंत आहात का?

साडेचारला फोन वाजला. साडेचारला तो कधी वाजत नाही. कारकून चहाला गेला होता.

तिकडून आधी नुसता श्वास आला. एक आत, एक बाहेर, मध्ये काहीच नाही, मग पुन्हा आत. तिने डोळे मिटले. हा श्वास तिच्या ओळखीचा होता.

“वहीत काय लिहिलंस?” तो म्हणाला.

नमस्कार नाही. बाई नाही. लिहिलंस. जित्याची खोड, तिच्या मनात आलं, मरायला टेकला तरी रजिस्टर विचारतो.

“दोनशे बारा,” ती म्हणाली.

“हां.” श्वास. “मग ठीक आहे.”

“काय ठीक आहे?”

“वही खरी आहे ना. मग ठीक आहे.” पुन्हा श्वास, मग खोकला, तो संपेपर्यंत ती थांबली, थांबली याचा तिला राग आला. “मी उलटं केलं. वहीत खोटं लिहिलं. तोंडाने खरं सांगायचो, खाली जाताना... एकेकाला. आज तुझ्या बाजूला जास्त आहे, फडकं बांध. आज नाही बांधलंस तरी चालेल. तुझा बाप बांधायचा. बाकीचे हसायचे.”

तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आवाज बापाचा आहे तुझा. शेवटची अक्षरं गिळतेस. पहिल्याच फोनला कळलं होतं मला.”

“मग फोन का करत होतात?” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “आणि आज... चाक दिसत नव्हतं. तुम्ही बघितलंत. मी वरून बघत होते.”

“दिसत नव्हतं,” तो म्हणाला.

“मग परत का नाही वळलात?”

मग तो म्हणाला, “तू सांगितलंस ना, चाळीस.” आणि मग, काही घडलंच नाही अशा स्वरात, “उद्या नऊला करतो.”

फोन ठेवला गेला. त्यानेच ठेवला.

तिने रिसीव्हर धरूनच ठेवला. तिला आरडाओरडा करावासा वाटत होता. माझं होतं ते. चार हिवाळे सांभाळलेलं, सत्तावीस वर्षं सांभाळलेलं, आणि मी ते टाकलं तेव्हा याने ते नुसतं झेललं, औषधाचा चमचा घ्यावा तसं, तोंडसुद्धा वाकडं न करता. तिला याच्याशी भांडायचं होतं. तिला त्याला विचारायचं होतं की फडक्याचं खरं कशावरून? सांगितलं असशील एखाद्याला एखाद्या दिवशी, आणि आता माझ्या बापाचं नाव त्यात घालतोस. आई सांगू शकेल. दोरीवरचं ते फडकं काळं कधी असायचं आणि कोरं कधी, आई हे नक्की सांगू शकेल, आणि म्हणूनच ती आईला विचारणार नव्हती, आज तरी नाही.

बाहेर शेगड्या पेटायची वेळ झाली होती. काचेवरचा उजेड पिवळ्याचा तपकिरी होत गेला. वर गच्चीवर पंप चालू असणार, सकाळी घातलेली पांढरी चकती एव्हाना मधोमध काळी व्हायला लागली असणार, त्यात आईचा धूर, माझा श्वास, आणि रुळांच्या कडेने चालत गेलेल्या त्या माणसाने आत ओढून परत सोडलेली हवा, सगळं एकाच वर्तुळात. उद्या सकाळी आठला ती चिमट्याने उचलीन. उद्याही आकडा दोनशेच्या वरच असेल, झाकण काही उठत नाही. तो विचारील. मी काय सांगेन? तिने दोन्ही आकडे ओठांवर आणून बघितले, आधी एक, मग दुसरा. दोन्ही तितकेच सहज येत होते, आणि दोन्हींपैकी एकानेही सकाळसारखं बरं वाटेना.

कारकून परत आला, त्याने चहाचा पेला तिच्यासमोर ठेवला आणि वही पुढे ओढून उद्याची तारीख घालून ठेवायला लागला. पान आधीच तयार असलं की सकाळी बरं पडतं, असं तो नेहमी म्हणतो. ती त्याच्या पेनाकडे बघत राहिली. नऊला फोन वाजला पाहिजे. वाजायलाच पाहिजे, तिने मनात दात आवळून म्हटलं, त्याला असं सुटता येणार नाही, अजून नाही... आणि मग कुठून कोण जाणे, एखादं मूल रात्री भिंतीपलीकडचा श्वास मोजतं तशी ती मोजायला लागली, उद्या नऊ वाजेपर्यंतचे तास, एक, दोन, तीन, आणि मध्येच थांबून कान देत होती.